डाव्या हाताचं बटण

मुळात मला कॉम्प्युटर नको होता. मला फक्त फ्रिम्पाँगला गप्प करायचं होतं. हे दोन वेगळे विषय आहेत आणि ते मी एकत्र केले, ही माझी पहिली चूक. त्यानंतरच्या सगळ्या चुका इतरांच्या आहेत.

माझी थोरली बहीण सेरवा गेली. आमच्या कोफोरिदुआ शहरात माणूस गेला की मांडव, खुर्च्या, बँड आणि जेवण हे तर होतंच, पण घराण्याची अब्रू ठरते ती पुस्तिकेवर. गुळगुळीत कागद, वर मृताचा फोटो, आत मुलांची, भावंडांची, चर्चच्या महिला मंडळाची श्रद्धांजली. लोक ती घरी नेतात, वर्षानुवर्षं दिवाणखान्यात ठेवतात आणि पाहुणा आला की त्याच्यासमोर तिच्यातल्या चुका काढतात. घरच्या बैठकीत माझा मावसभाऊ फ्रिम्पाँग, जो आक्राला विमा कंपनीत असतो आणि भर उन्हातही कोट घालतो, म्हणाला की भावाची सहा पानं तो कुणाकडून तरी लिहवून घेईल, पोस्टमास्तरांना या वयात कशाला त्रास.

तेहतीस वर्षं मी पोस्टात टाइपरायटर बडवला आहे. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की सेरवाची सहा पानं मीच लिहीन, माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर, आणि नेटवरून थेट आक्राच्या छापखान्यात पाठवीन. घरात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, नेट नव्हतं आणि बायको कॉम्फर्ट हे ऐकून छताकडे बघत होती. पण आमचे कुटुंबप्रमुख नाना दापा यांनी मान डोलावली, आणि नानांनी मान डोलावली की विषय संपतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परदेशातून वापरून आलेल्या वस्तूंचं एक दुकान बाजाराच्या मागे आहे. तिथे मी एक चांगला रुंद, काळाभोर कॉम्प्युटर निवडला. दुकानदार म्हणाला, बरोबर तो पत्र्याचा डबाही घ्या. मी पोस्टात असताना असे पुष्कळ विक्रेते पाहिले आहेत, जे एका वस्तूबरोबर दुसरी गळ्यात बांधतात. मी त्याला ठणकावलं की मला डबे नकोत. त्यानेही मग वाद घातला नाही. मी घरी येऊन कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, वायर लावली, तर नुसता निळा उजेड आणि एका कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतंय. शेजारचे ग्यामफी, रेल्वेत सिग्नलमन होते, ते कुंपणावरूनच म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त तोंड आणलंत. डोकं दुकानातच राहिलं."

आता मला सांगा, हे दुकानदाराने सांगायला नको? पडदा हा नुसता पडदा असतो आणि खरा कॉम्प्युटर त्या डब्यात असतो, हे काय जन्मतःच माहीत असतं माणसाला? दुसऱ्या दिवशी मी डबा आणायला गेलो, तेव्हा तो त्याच्यावर पाय ठेवून बसला होता. हसला नाही, हे एक बरं केलं. पण पाय काढायला त्याने वेळ घेतला, तो मी लक्षात ठेवला आहे.

डबा आल्यावर ग्यामफींच्या सल्ल्याला ऊत आला. हा माणूस म्हणजे अस्सल उंटावरचा शहाणा. त्याच्या पुतणीच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर सारखा अडकायचा, त्याची मेमरी वाढवली आणि तो धावायला लागला. तेव्हा मास्तर, आधी मेमरी वाढवा. मलाही ते पटलं. सहा पानं लक्षात ठेवायची म्हणजे मेमरी हवीच. म्हणून मी जिफाला बोलावलं.

जिफा ही आमच्या भागातली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. तिशीतली, 'हो' नावाच्या गावची, म्हणजे एवे जमातीची. एवे लोकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, असं मी नेहमी म्हणतो. ती हुशार आहे यातही वाद नाही. पण ती डावखुरी आहे. आणि नुसती डावखुरी असती तर देवाची मर्जी म्हणून सोडून दिलं असतं, ती सगळंच डाव्या हाताने करते. तिने मेमरीची पट्टी माझ्यासमोर धरली ती डाव्या हाताने, आणि म्हणाली, "डाव्याची माफी असावी, पापा." माफी असावी म्हणजे झालं? मी एकसष्ट वर्षांचा माणूस. डाव्या हाताने दिलेली वस्तू मी घेतली असती तर वडिलांनी कबरीतून उठून माझ्या मनगटावर पट्टी मारली असती. मी हात मागे घेतला. तिने सोडून दिली. पट्टी खाली पडली, ती कॉम्फर्टच्या शेंगदाण्याच्या रश्श्यात पडली नाही एवढंच नशीब.

तिने डब्याचं झाकण उघडून मला आतलं सगळं दाखवलं, तेही डाव्या हाताने, त्यामुळे मी अर्धा वेळ खिडकीबाहेर बघत होतो. तरी जेवढं कानावर पडलं ते असं. पंख्याखाली जो चौकोनी तुकडा असतो तो प्रोसेसर, म्हणजे खानावळीतली स्वयंपाकीण. सगळं काम तीच करते. तिच्यासमोरचं टेबल म्हणजे रॅम, ही मेमरी. चिरायचं, कुटायचं, वळायचं ते या टेबलावर. आणि मागची कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क. टेबल मोठं असेल तर काम झपाझप होतं. पण खानावळ बंद झाली की टेबल पुसून टाकतात. कोठीत ठेवलेलं तेवढं राहतं.

"म्हणून पापा, दर थोड्या वेळाने ही दोन बटणं एकदम दाबायची," ती म्हणाली. "टेबलावरचं कोठीत जातं. नाही दाबलं तर गेलं."

दोन्ही बटणं कीबोर्डच्या डाव्या अंगाला होती. तिने अर्थात डाव्या हाताने दाबून दाखवली. मी म्हटलं, हो हो, कळलं. मनात म्हटलं, हे सामान्य कॉम्प्युटरचं झालं. माझी मेमरी आता दुप्पट आहे. आणि टाइपरायटरवर अक्षर पडलं की पडलं, ते पुन्हा कुठे ठेवायला जावं लागत नाही. जाताना तिने आणखी एक सांगितलं होतं, की डब्याच्या मागची भोकं मोकळी ठेवा, त्याला वारा लागतो. ते मी कॉम्फर्टला सांगणार होतो.

नेटसाठी तिने भिंतीवर एक छोटी पेटी बसवली, दोन शिंगांची. तिचं नाव राउटर. हे मात्र मला पहिल्या फटक्यात समजलं, कारण तिने चांगला दाखला दिला. म्हणाली, तुमच्यात नानांशी कुणी थेट बोलतं का? नाही. नानांसमोर बसलेला माणूसही आपलं म्हणणं त्यांच्या ओचामेला सांगतो, ओचामे ते नीट शब्दांत नानांना सांगतो, आणि उत्तरही त्याच्याच तोंडून येतं. राउटर हा घराचा ओचामे. घरातल्या प्रत्येक यंत्राचं बोलणं तो बाहेर नेतो आणि बाहेरचं ज्याचं त्याला आणून देतो. मग म्हणाली, पासवर्ड कुणाला देऊ नका, ओचामे एकच आहे. मी पासवर्ड ठेवला सेरवाचं नाव.

मग मी लिहायला बसलो. त्या दिवशी जिफा दुसऱ्या खोलीत वायर ठोकत होती आणि मध्येमध्ये ओरडून आठवण करत होती, म्हणून मी दोन्ही हातांनी टाइप केलं आणि ती बटणंही दाबली. सहा पानं एका बैठकीत झाली. श्रद्धांजलीत लिहायचं असतं की मृत व्यक्ती नम्र, मितभाषी आणि देवभीरू होती. सेरवा बाजारात केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकायची आणि तिचा आवाज स्टेशनवर ऐकू जायचा. मी ते तसंच लिहिलं. ती मला केंके ढवळायच्या दांड्याने मारायची, तेही लिहिलं. माझी शाळेची फी तिच्या केंकेतून गेली, हेही लिहिलं. आणि मग लिहिता लिहिता मला राग आला, म्हणून शेवटचं पान झालं.

तो प्रकार असा. माझ्या निवृत्तीच्या समारंभात, जिल्ह्याचे साहेब बसलेले असताना, सेरवा उठली आणि म्हणाली की आमचा हा गणितात दोनदा नापास झाला होता, तो पोस्टात लागला तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं, महत्त्वाची पत्रं हातानेच पोचवा. सगळे हसले. साहेब तर टेबलावर थाप मारून हसले. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढच्याच आठवड्यात ती इस्पितळात गेली. तिने दोनदा निरोप पाठवला, ये म्हणून. मी गेलो नाही. शेवटच्या पानावर मी हे सगळं लिहिलं, तारखांसह, आणि खाली लिहिलं की चूक कोणाची होती ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

बुधवारी घरच्या थोरांची समिती पानं तपासायला आली. नाना दापा माझ्या मागे खुर्चीवर, त्यांच्या शेजारी ओचामे काठी घेऊन, आणि दाराशी ग्यामफी, ज्यांना कुणीही बोलावलं नव्हतं. मी वाचून दाखवलं. शेवटचं पान संपलं. मग नाना ओचामेला म्हणाले, आणि ओचामे, माझ्यापासून दोन हातांवर बसलेला, मला म्हणाला, "नाना विचारतात, मेलेल्या बाईशी छापील भांडण करणारा तू आमच्या घराण्यात पहिला का?"

माझे कान तापले. लिहिताना मला ते पान म्हणजे माझी बाजू वाटली होती. मोठ्याने वाचल्यावर त्यात एवढंच उरलं, की बहीण बोलावत होती आणि भाऊ गेला नाही. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. इस्पितळात तिच्याजवळ असायची ती मामे फोसुआ, सेरवाच्या शेजारी बसून तीस वर्षं केंके विकणारी, तिला तेवढं माहीत होतं. आता काही झालं तरी ते पान छापून जाऊ नये, एवढीच माझी इच्छा उरली.

समितीने वाक्य वाक्य बदललं. सेरवा नम्र झाली, मितभाषी झाली, दांडा गेला, आणि शेवटच्या पानावर आलं की धाकट्या भावाने अखेरच्या क्षणापर्यंत तिची शुश्रूषा केली. ते वाक्य टाइप करताना मला लाज वाटली, हे मी कबूल करतो. पण सुटल्यासारखंही वाटलं. आणि मी टाइप करत होतो एका हाताने, उजव्या. मागे नाना बसलेले असताना मी त्यांच्यासमोर डावा हात चालवणार होतो का? डावा हात मी पाठीमागे धरला होता, जसा थोरांसमोर धरायचा असतो. दोन तास एका बोटाने मी टाइप केलं. ती डाव्या अंगाची बटणं दोन तासांत एकदाही दाबली गेली नाहीत. ती उजव्या हाताच्या दोन बोटांनीही दाबता येतात, असं ग्यामफींनी मला नंतर सांगितलं. दोन तास दाराशी उभं राहून हा मनुष्य एवढं आधी सांगू शकला नाही.

नानांनी शेवटी छोटी प्रार्थना केली आणि आमेन म्हणायला आणि कॉम्प्युटर खटकन बंद पडायला एकच गाठ पडली. वीज होती. पंखा फिरत होता. मी टेबलाखाली वाकून बघितलं तर डबा दिसेना. कॉम्फर्टने त्याला काळ्या-लाल सुतकी कापडात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं होतं. हार्मटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ उडत होती, आणि शिवाय घरात दुःख असताना एक डबा तेवढा उघडा बरा दिसत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे टीव्हीला कापड, फ्रीजला कापड, मग याने काय पाप केलं, असं तिने मलाच विचारलं. डबा तापून बंद झाला होता. हात लावला तर चटका बसला.

कापड काढलं, वारा घातला, थोड्या वेळाने तो चालू झाला. पानं जागेवर होती. सहाच्या सहा, वर सेरवाचं नाव. मी म्हटलं, बघा, दुप्पट मेमरी म्हणजे काय ते. वाचून बघायला पाहिजे होतं, मान्य आहे. पण तोवर साडेतीन झाले होते, छापखाना चार वाजता पानं घेणं बंद करणार होता, आणि पानं काही केल्या जाईनात. एक निळी रेघ पुढे सरकायची आणि थांबायची.

जिफाला फोन केला. तिने विचारलं, किती लोकांना पासवर्ड दिला? मी खिडकीतून अंगणातल्या मांडवात बघितलं. खुर्च्यांवर दीडशे माणसं बसली होती आणि सगळी खाली माना घालून. मला वाटलं होतं शोक करताहेत.

आता यात माझा काय दोष? सुतकाच्या घरी आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणता येत नाही, खुर्ची नाही म्हणता येत नाही. सकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षांनी वाय-फाय मागितलं, त्यांना कसं नाही म्हणायचं? त्यांना दिलं मग बँडवाल्यांना द्यावं लागलं. दुपारपर्यंत कुमासीकडच्या पाहुण्यांनी फुटबॉलचा सामना लावला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जिफा म्हणाली, राउटर बंद करा आणि पासवर्ड बदला. म्हणजे शोकाला आलेल्यांच्या हातातला पाण्याचा पेला काढून घ्या. अशा घराची कोफोरिदुआत वीस वर्षं चर्चा चालते.

तेव्हा रीतीनेच जावं लागलं. मी ओचामेला विनंती केली, ओचामेने नानांना सांगितलं, नानांनी विचार केला, ओचामे मांडवात जाऊन उभा राहिला. आधी पूर्वजांसाठी जमिनीवर दारू ओतली. एकेका पूर्वजाचं नाव घेतलं. आमचे पूर्वज फार आहेत. चारला बारा मिनिटं कमी असताना तो मुद्द्यावर आला, की मृत भगिनीच्या मानासाठी सर्वांनी एक भजन होईपर्यंत फोन उलटे ठेवावेत. दीडशे फोन उलटे झाले. बँडने भजन लावलं. निळी रेघ सरसर गेली, दुसऱ्या कडव्यात पोचलीसुद्धा. मी मांडवात जाऊन फ्रिम्पाँगकडे एकदा बघून आलो. तो पुस्तिकेतल्या स्वतःच्या फोटोविषयी फोनवर कुणाशी तरी भांडत होता, त्यामुळे त्याने ते बघितलं नाही.

शनिवारी पुस्तिका आल्या आणि खुर्च्याखुर्च्यांवर वाटल्या गेल्या. मी घरच्या ओळीत, काळं कापड खांद्यावर घेऊन, पाठ ताठ करून बसलो होतो. पहिल्यांदा बाजारातल्या बायकांच्या बाजूने हसू आलं. अंत्यविधीत हसू म्हणजे काय हे मला कळेना. मग एक बाई मोठ्याने वाचायला लागली, तिला वाचता न येणाऱ्या शेजारणीसाठी, आणि मी शब्द ऐकले. केंके ढवळायचा दांडा. स्टेशनवर ऐकू जाणारा आवाज.

मी पुस्तिका उघडली. टेबलावरचं सगळं पुसलं गेलं होतं. छापलं होतं ते कोठीतलं. सहावं पान तारखांसह जसंच्या तसं, खाली माझं पूर्ण नाव आणि निवृत्त पोस्टमास्तर. त्या क्षणी मला प्रत्येकाचा राग आला. कॉम्फर्टचा, तिच्या कापडाचा, जिफाचा, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून बसलेल्या ग्यामफींचा. नाना माझ्याकडे बघत नव्हते, आणि त्यांचं न बघणं ओचामेशिवायही मला पोचत होतं. आणि हसणं थांबलं होतं. म्हणजे लोक सहाव्या पानावर आले होते.

मग रीतीप्रमाणे लोक रांगेने हस्तांदोलनाला निघाले. मी उठलो नाही, कारण उठलो असतो तर पळालो असतो. दीडशे माणसं, प्रत्येकाने माझा हात हातात घेतला आणि कुणीही माझ्याशी बोललं नाही. रांगेच्या शेवटी मामे फोसुआ आली. तिने हात सोडला नाही.

"तिने तुझ्यासाठी निरोप ठेवला होता," ती म्हणाली. "मी देणार नव्हते. तू खोटं छापलं असतंस तर दिला नसता."

मी म्हटलं, काय निरोप.

"म्हणाली, याचा राग उतरायला दोन महिने लागतात, लहानपणापासून. तेवढे काही मला मिळायचे नाहीत. मागून तो येईल, तेव्हा त्याला सांग, मी वाट बघत नव्हते." फोसुआने शवपेटीकडे बघितलं. "बघत होती. दाराकडे तोंड करून झोपायची."

मी म्हणालो, "दोन महिने नाही. सहा आठवडे. मी सोमवारी येणार होतो, पिशवी भरून ठेवली होती. ती रविवारी गेली." माझा आवाज चढला होता. सगळा मांडव वळून बघत होता, पण मला थांबता येईना. मी शवपेटीकडे वळलो आणि तिलाच सांगितलं, सहा आठवडे, दोन महिने कधीच नाही, तू नेहमी वाढवून सांगतेस, माझ्या निवृत्तीतही तू असंच केलंस. आणि मी थांबलो, तिला बोलायला जागा दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला उलटून काही बोलली नाही.